स्वेटर आणि कार्डिगन असेच का घालतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्टाचं कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं, ते फारसं ताणलं जात नाही. स्वेटर म्हणजे एकात एक अडकवलेल्या टाक्यांची साखळी. ती ताणते, स्वतःच्या वजनानं लोंबते, हवा धरून ठेवते आणि वाऱ्याला मात्र सहज वाट देते. स्वेटर घालायच्या बहुतेक सवयींचं मूळ या चार गुणांत आहे. पदर आत घ्यायचा की बाहेर, शेवटचं बटण का लावत नाहीत, गाडीवर काही जण स्वेटर उलटा का घालतात, या साऱ्याचं उत्तर फॅशनपेक्षा विणीतच सापडतं.

स्वेटर, पुलोव्हर, जर्सी, कार्डिगन यांत फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच स्वेटर म्हणतो आणि त्यात काही चूक नाही. विणायला देताना मात्र नेमकं सांगावं. डोक्यातून घालायचा तो पुलोव्हर. पुढून पूर्ण उघडणारा, बटणांचा किंवा चेनचा, तो कार्डिगन. जर्सी म्हणजेही पुलोव्हरच; हे नाव इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातल्या जर्सी बेटावरून आलं.

कार्डिगनचं नाव जेम्स ब्रूडनेल या सातव्या अर्ल ऑफ कार्डिगनवरून पडलं. क्रिमियाच्या युद्धात 25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिश हलक्या घोडदळाचा हल्ला त्यानं चढवला होता. त्याच युद्धाशी आणखी दोन नावं जोडलेली आहेत. एक बालाक्लाव्हा टोपी, म्हणजे आपल्या माकडटोपीची सख्खी बहीण. दुसरी रॅग्लन बाही. ती ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन याच्या नावानं ओळखली जाते. त्याचा उजवा हात 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. या बाहीला खांद्यावर शिवण नसते, ती काखेतून तिरकी थेट गळ्यापर्यंत जाते. पहिल्यांदाच पूर्ण स्वेटर विणणाऱ्यांनी रॅग्लनच निवडावी. मुंढ्याचा गोल आकार बाहीशी जुळवत बसावं लागत नाही आणि खांद्याचं माप दोन-तीन सेंटिमीटर चुकलं तरी दिसत नाही.

कार्डिगनचं शेवटचं बटण उघडं का ठेवतात?

सांगितली जाणारी गोष्ट इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याची आहे: त्याच्या वेस्टकोटाचं खालचं बटण उघडं असायचं, म्हणून बाकीच्यांनीही तसंच सुरू केलं. पण ती गोष्ट वेस्टकोटाची. कार्डिगनमध्ये हे करण्यामागे उघड दिसणारं कारण आहे.

कार्डिगनचा खालचा काठ, ज्याला आपण बॉर्डर म्हणतो, तो दोन सुलट-दोन उलट किंवा एक सुलट-एक उलट विणलेला असतो आणि अंगापेक्षा आवळ असतो. माणूस खुर्चीत बसला की कमरेखालचा घेर वाढतो. शेवटचं बटण लावलेलं असेल तर बॉर्डरला जायला जागा उरत नाही. मग ती वर सरकते, पोटावर फुगा येतो आणि काजाजवळचे टाके तिरके ताणले जातात. रोज असं झालं की दोन-तीन महिन्यांत ते काज अंडाकृती होतं आणि बटण आपोआप सुटू लागतं.

तपासायचं असेल तर सगळी बटणं लावून खुर्चीत बसावं. शेवटच्या बटणापासून मांडीकडे तिरक्या सुरकुत्या दिसल्या तर ते उघडं ठेवावं. पाच बटणांच्या व्ही गळ्याच्या कार्डिगनला मधली तीन लावली की अंगावर सरळ बसतो. कमरेशीच संपणाऱ्या आखूड कार्डिगनला हा प्रश्नच येत नाही, त्याची सगळी बटणं लावावीत.

बटणं लावली की मध्ये फट पडते आणि आतलं दिसतं. कार्डिगन लहान झाला का?

दर वेळी नाही. आधी छातीचं माप घ्या, आतल्या कपड्यांसकट. कार्डिगनचा घेर त्याहून 5 ते 8 सेंटिमीटर जास्त हवा. तेवढा असूनही फट पडत असेल तर दोष पट्टीत आहे.

बटणांतलं अंतर 7 सेंटिमीटरच्या वर गेलं की मधली पट्टी फाकते. घरी विणताना बहुतेक जण गळ्यापासून खाली समान अंतरं मोजत येतात आणि छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी नेमकं बटण येत नाही. उलट करावं. पहिलं बटण त्या जागी ठरवावं आणि मग तिथून वर आणि खाली वाटणी करावी.

विणून झालेल्या कार्डिगनला उपाय म्हणजे आतून सुती पट्टी शिवणं. 2 ते 2.5 सेंटिमीटर रुंदीची, न ताणणारी पट्टी घ्यावी. आधी ती धुऊन वाळवावी, नाहीतर पहिल्या धुण्यात आक्रसते आणि पूर्ण पुढा चुण्यांचा होतो. कार्डिगन टेबलावर पसरावा, पट्टी मुळीच न ओढता मोजावी, दोन्ही टोकांना दुमडीसाठी एकेक सेंटिमीटर जास्त ठेवून कापावी. कमी पडली तर पुढा गोळा होतो, जास्त झाली तर लाटा येतात. हातशिलाईनं दोन्ही कडांना बारीक टाके घालावेत. बटणांच्या बाजूला आतून एकेक लहान, चपटं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवली तर जड बटणानं वीण फाटत नाही.

नव्यानं विणत असाल तर काज आडवं ठेवा. ओढ पडली की बटण आडव्या काजाच्या टोकाला जाऊन थांबतं. उभं काज ओढीनं उघडतं.

पुरुषांच्या कार्डिगनला बटणं उजव्या बाजूला आणि बायकांच्या डाव्या बाजूला का?

ही रीत युरोपातल्या शिंप्यांकडून आली आणि शर्टांबरोबर आपल्याकडे रुळली. तलवार उपसायला सोपं जावं, किंवा श्रीमंत बायकांना दासी कपडे घालत म्हणून त्यांच्या सोयीनं बटणं लावली, अशी कारणं सांगतात. पुरावा त्यातल्या कशालाच नाही. घालण्याच्या सोयीत काहीच फरक पडत नाही, त्यामुळे आईचा कार्डिगन मुलानं बिनधास्त घालावा.

विणणाऱ्यांना अडचण येते ती बाळाच्या स्वेटरात, कारण मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही. त्यावर जुनी युक्ती आहे. दोन्ही पट्ट्यांवर काजं ठेवून स्वेटर पूर्ण करायचा. बाळ जन्मलं की नको त्या बाजूची काजं आतून दोन टाक्यांनी बंद करायची आणि त्यावरच बटणं शिवायची. बारशाला स्वेटर तयार, आणि काही उसवावंही लागत नाही.

साडीवर स्वेटर घालताना पदर आत घ्यावा की बाहेर?

हिवाळा लागला की सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण दोन्हींना वेगळा कार्डिगन लागतो. एकच कार्डिगन दोन्हीसाठी वापरला की कुठंतरी बिघडतं.

पदर बाहेर ठेवायचा असेल, म्हणजे स्वेटर ब्लाउजवर आणि पदर त्यावरून, तर आखूड आणि अंगासरशी बसणारा कार्डिगन हवा. खांद्यापासून 45 ते 50 सेंटिमीटर लांबी पुरते. लांब असला तर निऱ्यांच्या खोचणीवर येतो आणि पोटावर जाड कडं दिसतं. आधी परकर आणि निऱ्या, मग कार्डिगन घालून बटणं लावायची, शेवटी पदराच्या चुण्या करून खांद्यावर टाकायच्या. लग्नसमारंभाला हीच पद्धत चांगली दिसते, कारण काठ-पदर झाकला जात नाही.

इथं चूक होते ती पिन लावताना. पदर नुसता स्वेटरला टाचला की पैठणीसारख्या जड साडीचं सगळं वजन विणीवर येतं. तासाभरात डावा खांदा ओघळतो आणि पिनेच्या जागी भोक पडतं. पिन पदर, स्वेटर आणि आतल्या ब्लाउजची खांद्याची शिवण अशा तिन्हींतून गेली पाहिजे, म्हणजे वजन शिवण पेलते. पिन टोचताना धागा चिरू नये. दोन टाक्यांच्या मधून हळू शिरवावी. पिनेच्या गोल वेटोळ्यात लोकर अडकते, म्हणून त्या टोकाला आधी एक मणी सरकवून ठेवावा. काढताना टाका ओढला जात नाही.

पदर आत घ्यायचा असेल, म्हणजे पूर्ण साडी नेसून वरून कार्डिगन, तर तो सैल हवा, छातीत नेहमीपेक्षा 8 ते 10 सेंटिमीटर जास्त. खांद्यावर पदराच्या सहा-सात चुण्या घट्ट रचल्या तर तिथं ढिगारा होतो आणि डावी बाही वर ओढली जाते. त्यापेक्षा पदर खांद्यावर मोकळा पसरावा, मागचं टोक उजव्या काखेखालून पुढं आणून डाव्या कमरेला खोचावं आणि मग कार्डिगन घालावा. मधली दोन बटणं लावली तरी पुरे. बाजारात, शेतात, शाळेत, दिवसभर हात चालणाऱ्या बायका हेच पसंत करतात. पदर घसरत नाही, गाडीच्या चाकात जायची भीती कमी होते. नऊवारीवर तर हीच रीत सोयीची, कारण पदर मुळात खोचलेलाच असतो.

पुलोव्हर साडीवर टाळावा. घालता-काढताना केस, पदर आणि पिना तिन्ही एकदम ओढले जातात.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा, स्वेटर घालून गॅस किंवा चुलीपुढं उभं राहू नये. ॲक्रिलिक पेट घेतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोकर सहजी पेटत नाही. सकाळी थंडीत स्वयंपाकघरात काही अंगावर हवंच असेल तर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घाला.

बांगड्या आणि मंगळसूत्र स्वेटरात अडकतात. काय करावं?

बाहीच्या काठाचं माप मनगटावरून घेऊ नका. अंगठा तळव्यात दुमडून पंजाचा सर्वांत रुंद भाग मोजा, म्हणजे बांगडी भरताना हात जसा करतो तसा. बाहीचा काठ ताणून त्या मापातून गेला पाहिजे. हातात सहा-आठ काचेच्या बांगड्या असतील तर पाऊण बाही बरी, कोपराखाली 10-12 सेंटिमीटरवर संपणारी. बांगड्या मोकळ्या राहतात आणि काम करताना काठ भिजत नाही.

मंगळसूत्र स्वेटरच्या आत, ब्लाउजवर ठेवावं. वाट्या नव्हे, तर मागची कडी आणि काळ्या मण्यांमधल्या तारेची टोकं टाके ओढतात. ओढला गेलेला टाका कधीही कापू नये. बोथट सुईनं तो धागा उलट्या बाजूला घ्यावा आणि शेजारचे चार-पाच टाके दोन्ही बाजूंना हलके ओढून ढील वाटून टाकावी.

दुचाकीवर लोक कार्डिगन किंवा जॅकेट उलटं, बटणं पाठीवर येतील असं का घालतात?

कारण त्यानं खरंच फरक पडतो. लोकर ऊब देते ती तिच्यात साठलेल्या स्थिर हवेमुळे. ताशी 40 किलोमीटरनं जाताना समोरचा वारा ती हवा टाक्यांतून ढकलून बाहेर काढतो. कार्डिगनच्या बटणांमधल्या फटी तर थेट छातीवरच उघडतात. उलटा घातला की पुढं सलग वीण येते आणि फटी पाठीकडं जातात, जिथं वारा नसतो.

पण हा अर्धाच उपाय आहे. सलग विणीतूनही वारा शिरतोच. स्वेटरवरून पातळ का होईना, वारा न शिरणारं जाकीट घालावं. तेही नसेल तर स्वेटर आणि शर्ट यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या छातीवर ठेवाव्यात. डोंगरउतारावरून वेगानं उतरणारे सायकल शर्यतपटू हीच युक्ती करत आले आहेत. निफाड-नाशिककडे पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा भाजी किंवा दूध घेऊन निघणाऱ्याला हा कागद जाड स्वेटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

उलटा घालताना गळ्याजवळची काठाची बाजू वर सरकून हेल्मेटच्या पट्ट्यात अडकणार नाही ना, हे पाहावं. मागची बटणं निदान दोन लावलेली असावीत, नाहीतर पाठीवरच्या दोन्ही बाजू मोकळ्या होऊन फडफडतात.

बिनबाह्यांच्या स्वेटरात हात उघडे राहतात. मग उपयोग काय?

थंडीत शरीर आधी छाती-पोटातली ऊब सांभाळतं. धड गार पडू लागलं की हातापायांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि बोटं बधिर होतात. धड गरम राहिलं तर पूर्ण बाह्यांच्या शर्टावर हात बऱ्यापैकी उबदार राहतात. शिवाय कोपरात जाडी होत नाही, दिवसभर लिहिणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, फळ्यावर शिकवणाऱ्या माणसाला ते सोयीचं असतं.

दुसरं कारण महाराष्ट्राच्या हवेचं. देशावर जानेवारीत पहाटे 10-12 अंश आणि दुपारी 28-30 असा फरक सहज पडतो. पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर अकरा वाजता अंगावर नकोसा होतो. हाफ स्वेटर दुपारपर्यंत चालून जातो आणि काढला तर पिशवीत मावतो. आपल्याकडे एकच स्वेटर घ्यायचा असेल तर आमचं मत हाफ स्वेटर किंवा मध्यम जाडीचा कार्डिगन, पुलोव्हर नाही.

शर्टाची कॉलर स्वेटरच्या आत ठेवावी की बाहेर?

व्ही गळ्यात कॉलर आत, तिची टोकं स्वेटरच्या काठाखाली दबलेली. बाहेर काढली तर टोकं वर उचलली जातात, कारण खालून जाड काठ त्यांना ढकलतो. टाय असेल तर व्ही इतका खोल हवा की गाठ पूर्ण दिसेल आणि तिच्याखाली टायचे दोन-तीन सेंटिमीटर. शाळेच्या गणवेशात हाच गळा असण्याचं कारण तेच. गोल गळ्यात कॉलर फक्त पट्टीएवढी वर दिसू द्यावी.

खांद्यावर स्वेटर टाकून पुढं बाह्यांची गाठ मारतात, ती नुसती फॅशन का?

बरीचशी. टेनिस आणि नौकाविहार करणारी मंडळी खेळ थांबला की अंग गार पडू नये म्हणून स्वेटर तसा टाकत, आणि 1980 च्या दशकात अमेरिका-युरोपात तो श्रीमंती पोशाख ठरला. पण उपयोगही आहे. मानेची आणि खांद्यांची मागची बाजू झाकली की एसीच्या झोताखाली बसणाऱ्याला पुरेशी ऊब मिळते. मुंबईत स्वेटरचा मुख्य उपयोग हाच आहे, थंडीपेक्षा कार्यालयातल्या एसीसाठी.

गाठ घट्ट मारू नये, बाह्या एकमेकींवर एकदाच घ्याव्यात. घट्ट गाठीनं बाह्यांची बॉर्डर कायमची लांबते. कमरेला बांधणं तर स्वेटरला आणखीच वाईट, आणि दुचाकीवर धोक्याचं. लोंबणारी बाही साखळीत किंवा मागच्या चाकात जाऊ शकते.

कोळ्यांचे जाड स्वेटर पुढून-मागून सारखेच का असतात?

इथं कोळी म्हणजे ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि त्यांचा गर्नसी स्वेटर. तो उलटसुलट कसाही घालता येतो. कोपर आणि पुढचा भाग झिजू लागला की फिरवून घालायचा, झीज वाटली जाते. अंधारात घाईनं घालतानाही चूक होत नाही. काखेत चौकोनी तुकडा विणलेला असतो, त्यामुळे हात वर करून जाळं ओढताना पूर्ण स्वेटर वर येत नाही. बाह्या मनगटाच्या थोड्या वर संपतात, कारण खारट पाण्यानं भिजलेला काठ मनगट सोलून काढतो. आणि बाही खांद्याकडून काठाकडे विणलेली असते, म्हणून झिजलेला काठ उसवून तेवढाच नव्यानं विणता येतो.

ही शेवटची गोष्ट आपल्या विणणाऱ्यांनी जरूर उचलावी. मुलांच्या स्वेटरच्या बाह्या वरून खाली विणल्या तर पुढच्या वर्षी टोक उसवून पाच सेंटिमीटर वाढवता येतात.

बुडालेल्या कोळ्याची ओळख पटावी म्हणून आयर्लंडमधल्या अरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वेगळी नक्षी असे, ही फार पसरलेली समजूत आहे. तिला आधार नाही. 1904 च्या एका आयरिश नाटकात बुडालेल्या माणसाची ओळख त्याच्या मोज्यातल्या गळलेल्या टाक्यांवरून पटते, त्यावरून ती पसरत गेली असं मानतात.

स्वेटर अंगाला टोचतो. लोकर वाईट आहे का?

टोचतं ते लोकरीच्या जाड तंतूंचं टोक. तंतूची जाडी साधारण 30 मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेली की टोक वाकत नाही, कातडीला टोचतं. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर 24 मायक्रॉनहून बारीक असते, म्हणून ती उघड्या अंगावर चालते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिची घोंगडी उत्तम होते, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला तिच्यासारखं काही नाही. पण तिचा स्वेटर उघड्या गळ्यावर सहन होत नाही. टोचणारा स्वेटर टाकून देऊ नका. आत पूर्ण बाह्यांचा, उंच गळ्याचा सुती कपडा घाला.

लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक जेमतेम एक-दोन टक्के शोषतं. म्हणून सकाळी चालायला जाताना ॲक्रिलिकखाली घाम साठतो आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. हिवाळ्यात शहरोशहरी लागणाऱ्या तिबेटी बाजारांत दोन्ही मिळतं, पुष्कळसा माल लुधियानाचा असतो. घेतल्यावर खात्री करायची असेल तर आतल्या शिवणीतला लहानसा धागा चिमट्यात धरून पेटवा. लोकर केस जळल्यासारखा वास देते, आपोआप विझते, राख चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

बाळाच्या स्वेटरला बटणं पाठीमागे का असतात?

नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं. डोक्याचा घेर सुमारे 34-35 सेंटिमीटर, छातीचा 32-33. छातीला बसेल असा गळाबंद स्वेटर डोक्यातून जाणारच नाही, म्हणून तो कुठून तरी उघडायलाच हवा. मागून उघडणारा स्वेटर झबल्यासारखा समोरून दोन्ही हातांत घालता येतो आणि पुढून छाती सलग झाकलेली राहते. पण बाळ सतत पाठीवर निजतं, तेव्हा टणक बटणं रुततात. मागं उघडायचं असेल तर गळ्याशी एकच चपटं बटण ठेवावं, किंवा सरळ पुढून उघडणारा विणावा.

घालताना बाळाचा हात बाहीत ढकलू नये. बाही गोळा करून आपली तीन बोटं काठाकडून आत घालावीत, बाळाची मूठ धरावी आणि बाही हातावरून मागं सरकवावी, बाळाचा हात ओढू नये. जाळीची वीण बाळाला नको, भोकात बोटं अडकतात. गळ्याला लांब नाडी नको. कुंची किंवा टोपरं बाहेर नेताना ठीक, घरात झोपवताना काढावं. बाळाला गरम होतंय का हे मानेच्या मागे हात लावून पाहावं, तळहातांवरून कळत नाही.

परदेशात कडाक्याच्या थंडीतही लोक आत पातळ कार्डिगन घालतात. असं का?

बाहेर उणे 10 असलं तरी घरं, दुकानं, गाड्या आतून 20-22 अंशांवर तापवलेल्या असतात. नव्यानं गेलेली मराठी मंडळी दोन जाड पुलोव्हर एकावर एक घालतात आणि दुकानात शिरल्यावर घामाघूम होतात. वारा अडवायचं काम बाहेरच्या कोटाचं. आत बारीक लोकरीचा एक थर आणि वर कार्डिगन असला की दारात शिरताच बटणं उघडता येतात.

स्वेटर लांबतो, खांद्यावर कोंब येतात, कसर लागते. कसा सांभाळावा?

खांद्यावरचे कोंब हँगरमुळे येतात. वीण स्वतःच्या वजनानं खाली ओढली जाते आणि हँगरची टोकं उमटतात. स्वेटर घडी करूनच ठेवावा.

धुण्याआधी छातीची रुंदी, उंची आणि बाहीची लांबी मोजून कागदावर लिहा. सात-आठ रिठे फोडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून ते पाणी बादलीभर थंड किंवा कोमट पाण्यात मिसळा. स्वेटर दहा मिनिटं बुडवून नुसता दाबा. चोळलं आणि गरम पाणी वापरलं की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आक्रसून नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखा, होतो. तो पुन्हा सैल होत नाही. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग चटईवर सावलीत पसरून लिहिलेल्या मापांना आणून वाळवा. ओला स्वेटर दोरीवर टाकला की पाण्याच्या वजनानं बाह्या चार-पाच सेंटिमीटर लांबतात.

कसर म्हणजे उडणारा पतंग नव्हे, त्याची अळी लोकर खाते. तिला घामाचे आणि अन्नाचे डाग आवडतात, म्हणून मळका स्वेटर उन्हाळ्यासाठी कधीही बांधून ठेवू नये. कडुनिंबाचा पाला वास देतो, पण आत शिरलेली अळी मारत नाही. शंका असेल तर स्वेटर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. डांबरगोळ्या मोठ्यांच्या कपड्यांत चालतात, वापरण्याआधी कपडे दोन दिवस वाऱ्यावर टाकून. बाळाच्या कपड्यांत मात्र त्या मुळीच ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-6-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं आणि डांबरगोळीच्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. जुन्या ट्रंकेतून काढलेला पिढीजात स्वेटर बाळाला घालायचा असेल तर आधी धुऊन, चांगला आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच घाला.